एका काडतुसाचा मान

सकाळी काडतुसं आणायला म्हणून खाली बाजाराला गेलेला जुमाकादिर दिवस कलल्यावर परत आला. अंगावरचं बर्फ झाडून तो जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाशी बसला आणि नानच्या तुकड्यांशेजारी त्यानं तीन काडतुसं मांडली. उरकुयानं चहाची किटली तशीच हातात धरून आधी काडतुसांकडं बघितलं, मग नवऱ्याच्या खिशांकडं.

"बाकीची घोड्यावरच ऱ्हायली व्हय?"

"बाकीची लढाईवर गेली," जुमाकादिर म्हणाला. "आपल्या वाट्याला एवढीच आली. च्या ओत."

"तीन काडतुसांत लांडगा मारणार का त्याला नुसता सलाम करणार?"

"लांडग्याला कुटं म्हाईत हाय तीनच हायत म्हणून? तू नगं सांगू म्हंजे झालं."

लढाई चालली होती तिथं जायचं तर आगगाडीनं पाच-सहा दिवस गेले असते. तेरेकबाशी गावच्या लोकांनी ती टीव्हीवरच काय ती बघितली होती. पण तीन वर्षांत तिनं त्यांच्या डोंगरातली काडतुसं वेचून नेली. शिकारीचा माल यायचा रशियातून. तिथल्या कारखान्यांना आता फौजेचं काम पुरून उरत होतं. छर्ऱ्याची काडतुसं करतो कोण? चुकूनमाकून एखादी पेटी निघालीच तर ती सीमेवर अडायची. रुबल वर गेला की भाव वर, रुबल खाली आला तरी भाव वरच. त्यात ज्यांनी जन्मात ससा मारला नव्हता अशा पैसेवाल्यांनी, उद्या आणखी महागेल म्हणून, पेट्याच्या पेट्या घेऊन पलंगाखाली सारल्या. दुकानदार आता पेटी फोडून एकेक काडतूस विकायचा. पूर्वी एका नानच्या किमतीत एक काडतूस यायचं. आता एका काडतुसाच्या पैशात दोन माणसांचे आठवड्याचे नान आले असते.

माणसांनी काटकसर केली ती लांडग्यांच्या पथ्यावर पडली. पूर्वी लग्नात बार निघायचे, पोरगा झाला की निघायचे, कुणाचा घोडा शर्यतीत पुढं आला तरी निघायचे. मेंढपाळ सहज जाता-येता एखादा बार हवेत सोडायचे. तो सगळा दंगा ऐकून लांडगे वरच्या कड्यांत राहायचे. आता डोंगर गप्प झाला आणि लांडगे खाली सरकले.

जुमाकादिर बावीस वर्षं गावची मेंढरं राखत होता. चाळीस घरांची तीनशेवर मेंढरं हिवाळ्यात वरच्या तळावर असायची आणि त्यांच्यासोबत ही दोघं. गावाचा नियम साधा होता: लांडग्यानं मेंढरू मारलं तर मेंढपाळानं त्या मेंढराचे कान आणून दाखवायचे. म्हातारे एकच विचारणार, बार काढला होतास का? काढला असेल तर माफ. नसेल काढला तर आपल्या पदरचं मेंढरू भरून द्यायचं. म्हणून काडतूस कितीही महागलं तरी घ्यावं लागायचंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात कुत्री एकदम पेटल्यासारखी भुंकायला लागली. जुमाकादिर बंदूक घेऊन पळाला. उरकुयानं आतून एक बार ऐकला. पूर्वी ती एका मागोमाग चार-पाच मोजायची आणि मग चुलीवर पाणी चढवायची, की आता हा काहीतरी घेऊन येणार. आज एकाच बारावर सगळं शांत झालं.

"काडतुसाची टोपी ओली हुती," तो आत येऊन म्हणाला. "उशिरा पेटली. ह्यो वाचला भाड्या." त्याच्या हातात एका मेंढीचे कान होते.

आठवड्यानं दुसरा बार निघाला. त्या वेळी वारा आडवा आला. लांडगा एक कोकरू घेऊन ओघळीतून वर गेला.

"वारा काय आजच सुटलाय व्हय डोंगरात?" उरकुया म्हणाली.

"बाईमाणसानं बंदुकीतलं बोलू नये."

"बरं बाई, न्हाई बोलत."

बोलली नाही, पण दुपारी जळणासाठी आर्चाच्या, त्या डोंगरी झुडपाच्या, फांद्या तोडायला म्हणून ती ओघळीकडं गेली. बर्फावर सगळं लिहून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. लांडग्याचे पाय ओघळीच्या उजव्या काठानं गेले होते, मधूनच रक्ताचे ठिपके. नवरा जिथं गुडघा टेकून बसला होता तिथं गुडघ्याची खळी होती. तिथं उभं राहून तिनं समोर बघितलं. डावीकडं, लांडग्याच्या वाटेपासून तीस पावलांवर, आर्चाचं एक करडं झुडूप होतं. ती तिथवर गेली. झुडपाच्या साली सोलून निघाल्या होत्या, डहाळ्या तुटून खाली पडल्या होत्या, आणि बुंध्यात छर्रे रुतले होते.

तिनं एक छर्रा नखानं उकरून काढला आणि बराच वेळ तळहातावर धरला. ह्या माणसानं तरुणपणी पळत्या कोल्ह्याच्या कानात छर्रा घातलेला तिनं बघितला होता. त्यानं झुडपाला लांडगा समजून बार टाकला होता. मग तिला एकेक आठवायला लागलं. कुणी आलं की ते बोलेपर्यंत हा ओळख देत नाही. चहा ओतताना वाटीत बोट घालून धरतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत चार बार टाकले की एक कुठंतरी लागून जायचा. कोण विचारतंय बाकीचे तीन कुठं गेले? स्वस्ताईत सगळं झाकलं गेलं होतं.

संध्याकाळी तो कुडणाच्या दाराशी बसून दोर वळत होता. उजेड चांगला होता. उरकुया त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं लांबलचक जीभ बाहेर काढली. साठीला आलेली बाई, पण काढली.

"लंगडीला आज वैरण कमी घातलीस," जुमाकादिर म्हणाला. "तिला बाजूला बांधत जा. दुसऱ्या खाऊ देत न्हाईत."

तिनं जीभ आत घेतली आणि ती त्याच्यासमोर खाली बसली.

"काय झालं?"

"मी जीभ काढली तुमाला. लेकरावानी."

जुमाकादिरचे हात थांबले. त्यानं दोर गुडघ्यावर ठेवला.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"चार वर्सं झाली. बाजाराला गेलतो तवा डागदरकडं बी जाऊन आलो. मधला पडदा झिजलाय म्हनला. नजर कापून बी येत न्हाई, थेंबानं बी येत न्हाई." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "गंमत काय सांगू बायबिचे, आंधळा न्हाई मी. कडंकडंचं सगळं दिसतंय. डोंगर दिसतो, वाट दिसते, मेंढरं दिसतात. ज्याच्याकडं बघावं तेच जातं. तुझ्याकडं बघितलं की तू न्हाईस. ह्या बादलीकडं बघितलं की तू हायस."

"म्हणून हल्ली माझ्याशी बोलताना बादलीकडं बघता व्हय! मला वाटायचं, तोंड बघवत न्हाई आता."

दोघंही हसले, आणि हसता हसता उरकुयानं डोक्याच्या फडक्यानं डोळे टिपले. रडून भागणार नव्हतं. नवरोजला महिना राहिला होता. नवरोजच्या दिवशी गावचे म्हातारे, अक्साकाल, बसायचे आणि येत्या वर्षाची मेंढरं कुणाच्या हाताखाली द्यायची ते ठरवायचे. बावीस वर्षं ते नुसतं 'जुके आहेच' म्हणून उठायचे; जुमाकादिरला सारे मानानं जुके म्हणायचे. आता कुबात नावाचा तरणा मेंढपाळ वाट बघत होता. माणूस वाईट नव्हता, उलट चांगलाच होता, आणि नजर घारीची होती. नेम गेला हे कळलं की मेंढरं कुबातकडं जाणार, तळ जाणार, तळावरचं घर जाणार. मग राहिली ती लेकीच्या सासरी अंगणातली खोली.

"जावयाच्या दारात उन्हाकडं तोंड करून बसू मी?" जुमाकादिर म्हणाला. "पोरांनी इचारावं, म्हातारबा, कोन आलंय वळखा. त्यापरीस लांडग्यानं मलाच न्यावं."

"गप बसा. मला शिकवा बंदूक."

"शिकवायला काडतुसं लागत्यात. बापानं मला शिकवलं तवा दीडशे काडतुसं पत्र्याच्या डब्यांवर गेली. तवा तोंडात बी टाकावं तसं बंदुकीत काडतूस टाकायचं. आज एक हाय. ते शिकण्यात घालवू का लांडग्यावर?"

तरी दुसऱ्या दिवसापासून रोज वैरणपाणी उरकलं की दोघं तळामागं जायची. रिकामी बंदूक. उरकुयाचा खांदा बारीक, दस्ता नीट बसेना, नळी थरथरायची. चार दिवसांनी ती वैतागून म्हणाली, "हात तुमचे चांगले हायत, डोळे माझे. दोन्ही एका माणसात आसतं तर बरं झालं आसतं."

"मग कर की एक माणूस."

त्यांनी तसंच केलं. तो गुडघा टेकून बसायचा, दस्ता खांद्यात, बोट चापावर, डोळे मिटलेले. उघडे ठेवले तर घोटाळा व्हायचा. ती मागून त्याच्या पाठीला टेकायची, गाल त्याच्या गालाला लावून नळीवरून बघायची आणि डाव्या हातानं नळी हळूच ढकलायची. 'ओढा' म्हटलं की त्यानं ओढायचं. पहिल्या दिवशी दोघांनाही लाज वाटली. एवढ्या जवळ ती कित्येक वर्षांत बसली नव्हती.

"दाढी टोचती," ती म्हणायची.

"नेम धर. दाढी लग्नात बी टोचत हुती, तवा न्हाई बोललीस."

फेब्रुवारी सरता सरता एका दुपारी बर्फ भुरभुरत असताना लांडगा उघड्यावर आला. भर दिवसा, जसं काही त्याला ठाऊकच होतं की इथं आता बंदुका वाजत नाहीत. मेंढरं एका कोपऱ्यात गोळा झाली. जुमाकादिर बंदूक घेऊन गुडघा टेकून बसला आणि उरकुया मागं आली. ती त्याच्या पाठीवर रेलली. नळी उजवीकडं, जराशी खाली. लांडगा थांबून मान वर करून बघायला लागला.

"ओढा."

बार निघाला. तिच्या कानात शिट्टी घुमली आणि गालफड सणकून दुखलं.

"पडला?"

"पडला."

"खोटं नगं बोलू."

"पडलाय वो! जाऊन बघा."

तो गेला आणि बघितल्यासारखं हातानं चाचपत राहिला: कान, मानेवरचे राठ केस, गरम छाती. मग लांडग्याच्या अंगावर हात तसाच ठेवून तो बर्फात बसून राहिला. "आपन दोघांनी," तो दोन-तीनदा म्हणाला.

लांडगा मारला की तो घोड्यावर आडवा टाकून गावात दारोदार न्यायचा आणि घरटी काहीतरी भेट मिळायची, ही जुनी रीत. कुणी लोकर दिली, कुणी लोणी, कुणी लुगड्यासारखं रंगीत कापड. जुमाकादिर घोड्याच्या पुढं लगाम धरून गुमान चालत होता. बोलत होती ती उरकुया. तिला राहवलंच नाही.

"किती बार लागले, उरकुया-एजे?" बायका विचारायच्या.

"एक! एकाच काडतुसात. दुसरं हुतं कुटं?"

"एक? आमच्या ह्यांनी ससा मारायला सहा उडवले. तवापासनं बंदुकीला गोधडीत गुंडाळून ठेवलंय."

"नेम आसंल तर एक पुरतं," उरकुया म्हणाली, आणि पुढच्या दारात आणखी थोडं वाढवून म्हणाली. तिला वाटलं, असं चार तोंडांनी फिरलं की नवरोजला कुणी काही विचारणारच नाही. पायाखालचा खड्डा आपणच खणतोय हे तिला तेव्हा कसं कळावं?

ओरोझाली अक्साकाल गावातला सगळ्यात थोर माणूस. नवरोजच्या चार दिवस आधी तो स्वतः घोड्यावरून तळावर आला. चहा झाला, मांस झालं, मग त्यानं दाढीवरून हात फिरवला.

"जुके, दोन वर्सं नवरोजला जांबी न्हाई टांगली आपण."

जांबी म्हणजे कापडात बांधलेली चांदी. उंच खांबावरून घोड्याच्या केसाच्या दोरीनं लोंबती सोडायची आणि नेम धरून पाडायची. आधी गावातली प्रत्येक बंदूक तिच्यावर चालायची, दिवसभर धडाधड. काडतुसं महागली आणि तो खेळच बंद पडला.

"अवंदा टांगायची," ओरोझाली म्हणाला. "समद्या गावानं मिळून एक काडतूस घेतलंय. एकच. त्यो बार कुणी काढायचा म्हनून बसलो, तर वाद बी झाला न्हाई. एका काडतुसात लांडगा पाडनारा मानूस गावात एकच हाय."

जुमाकादिर दस्तरखानाकडं बघत राहिला. उरकुयानं हातातली वाटी खाली ठेवली.

"त्यांचा खांदा दुखतोय," ती म्हणाली.

"एका बारानं काय हुतंय? तालुक्याचे पाहुणे येनार हायत. बार झाला की तिथंच मेंढरांचं बी सांगून टाकतो. जुके हायच." म्हातारा हसला आणि दोघांना आशीर्वाद देऊन निघून गेला.

"न्हाई म्हणून सांगा," तो गेल्यावर उरकुया म्हणाली.

"काय कारन सांगू?"

"ताप आला म्हणा."

"मग बार कुबात काढंल. पाडंल बी. त्याच्यासमोर मला मेंढरं देतील?" त्यानं बंदूक मांडीवर घेतली. "तूच वाजवलंस गावभर, बायबिचे. आता निस्तर."

हे तो रागानं म्हणाला नाही, पण तिला ते लागलं. तिनं मग डोकं चालवलं. जांबी नेहमी लाल कापडात बांधतात. कापड शिवणाऱ्या बाईकडं जाऊन तिनं सांगितलं, अवंदा पांढरं घे, शुभ असतं. काळ्या डोंगरापुढं पांढरं असलं की डोळ्याच्या कडेनं त्याला धूसर का होईना दिसायचं. नवरोजच्या दिवशी पहाट उजाडली तशी मेंढरांना कुडणात कोंडून दोघं सगळ्यांच्या आधी मैदानावर उतरली. खांब उभा होता. तिनं चाळीस पावलं मोजली आणि एक चपटा दगड ठेवला.

"डावा पाय हितं. तोंड सरळ. नळी आभाळाकडं, मग पांढरं दिसंपर्यंत हळूहळू खाली. छर्रे पसरत्यात, जरा इकडंतिकडं झालं तरी लागंल."

"पांढरं," तो म्हणाला. "पांढरं शोधतो." त्यानं दहा वेळा करून बघितलं. दहाही वेळा नळी खांबाच्या टोकाशी गेली. उरकुयाला हायसं वाटलं.

दुपारपर्यंत मैदान माणसांनी फुललं. मैदानाच्या कडेला चढावर भल्या मोठ्या कढईत सुमोलोक शिजत होतं. मोड आलेल्या गव्हाची ती खीर ढवळायची थांबली की करपते, म्हणून बायका पाळीपाळीनं ढवळत होत्या. उरकुयाची पाळी आली. तिथूनच तिनं बघितलं, की ओरोझालीनं रेशमी रुमालातून काडतूस काढून सगळ्यांना दाखवलं आणि जुमाकादिरच्या हातात दिलं. लोकांनी टोप्या उडवल्या. जुमाकादिरनं काडतूस कपाळाला लावलं, बंदूक मधोमध वाकवून उघडली, ते आत घातलं आणि पायानं दगड चाचपून तो जागेवर उभा राहिला.

सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात तालुक्याचा पाहुणा म्हणाला, "इथून फोटो चांगला येत नाही. आजोबा, जरा इकडं या की." दोघा-तिघांनी जुमाकादिरला मानानं हाताला धरून पंधरा पावलं बाजूला नेलं. एका जुन्या सोबत्यानं आनंदानं मिठी मारली आणि त्याला गरकन फिरवून सोडलं.

उरकुयानं पळी सोडली नाही. तिला दिसत होतं, की त्याचा पाय दगड शोधतोय. मग त्यानं मान हळूहळू इकडून तिकडं फिरवली. तो पांढरं शोधत होता.

तिच्यापासून दहा हातांवर गावातल्या बुरुलची धाकटी सून उभी होती. आपल्या लेकीला बार दिसावा म्हणून तिनं पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं ते पोर दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं होतं.

जुमाकादिरची मान थांबली. त्यानं बंदूक खांद्याला लावली. नळी आभाळाकडं गेली आणि हळूहळू खाली यायला लागली.

"जुके, जांबी मागं हाय!" कुणीतरी हसत ओरडलं. "म्हातारा पाठ करून पाडतोय का काय!" लोक हसले. त्यांना वाटलं, एवढा मोठा नेमबाज, थट्टा करत असेल. समोर पांढरं दिसतच होतं, म्हणून त्यालाही ती थट्टाच वाटली; तो किंचित हसला, आणि नळी पांढऱ्यावर येऊन ठरली.

"जुमाकादिर!"

छत्तीस वर्षांत उरकुयानं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिथं कुठलीच बाई काढत नाही. काढलं तर आयुष्य घटतं म्हणतात. साऱ्या मैदानावर ते नाव पडलं आणि शेवटच्या माणसापर्यंत सगळे गप्प झाले.

"जुमाकादिर, नगा वो! पोर हाय ते! पोर हाय!"

त्यानं चापावरचं बोट काढलं. नळी जमिनीकडं झुकवली. बुरुलची सून पोराला छातीशी धरून खाली बसली.

जुमाकादिरनं बंदूक उघडली, काडतूस बाहेर काढलं आणि ज्या बाजूनं ओरोझालीचं खोकणं ऐकू येत होतं तिकडं तोंड करून म्हणाला, "अक्साकाल, माझं डोळं गेलेत. चार वर्सं झाली. लांडगा माझ्या बायकूनं मारला. मी निस्ता चाप वढला."

त्यानं काडतूस तळहातावर पुढं धरलं.

"कुबात हाय का हितं?"

"हाय, जुके."

"घे. गावानं पोटाला चिमटा घिऊन घेतलेली वस्त हाय. वाया नगं जायाला."

कुबातचा हात पुढं होईना. त्यानं ओरोझालीकडं बघितलं. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि मान हलवली, तेव्हा त्यानं काडतूस घेतलं. बार निघाला, दोरी तुटली, चांदी खाली पडली. एरवी जांबी पडली की मैदान डोक्यावर घेतात. आज कुबातच्या आईनंसुद्धा रीतीप्रमाणं लेकाच्या टोपीवरून एक मिठाईचा तुकडा उधळला नाही. उरकुयानं तिकडं बघितलं नाही. सुमोलोक तळाला धरायला लागलं होतं. ती दोन्ही हातांनी पळी धरून ढवळत राहिली आणि कुणी पळी मागितली तरी तिनं दिली नाही.

परतताना तो घोड्यावर बसायला तयार झाला नाही. लगाम हातात धरून चालत राहिला. बर्फ वितळून वाटेचा चिखल झाला होता. बंदूक उरकुयाच्या खांद्यावर होती. ओढ्यापाशी आल्यावर त्यानं विचारलं, "कोन हुतं तिथं?"

"कुनी न्हाई. आसंच कुनाचं तरी."

"माझ्याशी खोटं नगं बोलू आता."

"बुरुलच्या सुनंची लेक."

"केवढी?"

"पाच म्हैन्यांची. दोन दात आल्यात."

जुमाकादिर तिथंच दगडावर बसला. तोंडावर दोन्ही हात घेऊन तो रडला, मोठ्यानं, अंग गदगदा हलवून. उरकुयालाही आवरेना. "मीच गावभर सांगत हिंडले," ती म्हणाली. "पांढरं कापड बी मीच सांगितलं. तुमी काडतुसं महाग म्हणून रडत हुता. महाग हुती तेच बरं म्हणायचं. स्वस्त आसती तर आज मैदानावर समद्या बंदुका वाजल्या आसत्या. माझी हाक तुमाला ऐकू बी आली नसती."

"तू हाक मारलीस," तो म्हणाला. "तेवढंच ध्यानात ठिवू आपण."

बऱ्याच वेळानं त्यानं नाक शिंकरलं आणि ओढ्याच्या पाण्यानं तोंड धुतलं. "उद्या कुबात येईल. त्याला सांगावं लागंल. लंगडीला बाजूला बांध म्हणावं. त्या काळतोंडीचं कोकरू आपल्या आईला पीत न्हाई, दुसरीला लावावं लागतंय. बुरुलच्या सहा मेंढ्या हायत, त्यांतली एक सारखी ओघळीकडं पळती. आन् मेंढ्याला..." तो एकेक सांगत गेला. उरकुया मान डोलावत ऐकत राहिली. किती सांगितली आणि किती राहिली ते तिनं मोजलं नाही.

संध्याकाळचं ऊन डोंगराच्या माथ्यावर चढलं तेव्हा तोच आधी उठला. "चल लवकर. मेंढरं सकाळपासनं कोंडलीत."

ती दोघं चढायला लागली. उद्यापासून मेंढरं कुबातच्या हाताखाली जाणार होती, पण आजची वैरण त्यांनाच घालायची होती.